चिमुकल्या बसचं स्टिअरिंग

तीन महिने झाले, ड्रायव्हरला काही म्हणून काही वाटत नव्हतं. समोर ताट आलं की जेवायचा, ताटात काय आहे ते बघायचा नाही. बायकोनं एकदा मुद्दाम भाजीत मीठ घातलं नाही, तरी हूं की चूं नाही. ती वैतागून म्हणाली, "अहो, निदान भांडा तरी माझ्याशी!" तर हा म्हणाला, "बरं." आता 'बरं' म्हणणाऱ्याशी माणसानं भांडायचं तरी कसं, तुम्हीच सांगा.

झालं होतं असं. सव्वीस वर्षं ह्यानं शहरात बस चालवली, गाडीला साधा ओरखडा नाही. आणि तीन महिन्यांपूर्वी भर दुपारी, रोजच्याच कोपऱ्यावर, बस डावीकडे वळायची ती वळलीच नाही. सरळ फुटपाथवर चढली. हातगाडी घेऊन उभा असलेला एक म्हातारा जागच्या जागी गेला. ड्रायव्हरनं जबाब दिला, "मी स्टिअरिंग फिरवलं होतं. गाडी वळली नाही." त्या एका वाक्यावर डेपोनं फिटरला घरी बसवलं, कारण आदल्याच दिवशी त्या बसचं स्टिअरिंग त्यानं खोलून बसवलं होतं. हा फिटर ड्रायव्हरचा वीस वर्षांचा दोस्त. खिशात पाना नसेल तर त्याला चैन पडायची नाही, म्हणून सगळा डेपो त्याला पान्या म्हणायचा.

सोमवारी शेवटची चौकशी होती. ड्रायव्हरनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं की पान्याची नोकरी कायमची जाणार आणि ह्याला परत गाडीवर चढवणार. वाक्य ड्रायव्हरला तोंडपाठ होतं. ते म्हणताना दोस्ताचा चेहरा समोर यायचा, पण त्यानंही काही व्हायचं नाही.

बायकोचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाइकानं जाता जाता थांबावं म्हणून तिनं काचेमागे एक छोटं गाव मांडलं होतं. घरं, झाडं, पेपर वाचत उभा असलेला एक नखाएवढा माणूस, आणि रस्त्यावरून गोल गोल फिरणारी तळहाताएवढी बस. रस्त्याच्या रंगाखाली लोखंडी तार होती आणि बसच्या पुढच्या चाकांच्या दांडीला लोहचुंबक. चुंबक तारेला धरून चालायचा, चाकं त्याच्यामागे. ना ड्रायव्हर, ना कंडक्टर.

रविवारी सकाळी, दुकान बंद असताना, ती त्याला तिथे घेऊन गेली.

"उद्या चौकशी संपली की तुम्हाला गाडीवर बसायचंय आणि तीन महिन्यांत तुम्ही सायकलच्या हँडललासुद्धा हात लावला नाही. मोठी नाही तर नाही, ही छोटी तरी चालवा. हिला रिमोट बसवते."

"बरं."

"आग लागो त्या 'बरं'ला!"

तिनं डोळ्याला भिंग लावलं आणि बसचं छप्पर उचललं. बॅटरीला जागा हवी म्हणून मागच्या सीटांच्या दोन रांगा ब्लेडनं कापल्या. "प्रवासी उभे राहतील. तक्रार आली तर तुम्ही निस्तरा," ती म्हणाली. तो हसला नाही. रिमोटचा सिग्नल पकडणारं कार्ड नखाएवढं होतं, ते तिनं ड्रायव्हरच्या सीटमागे चिकटवलं. चाकं वळवायला एक इवलीशी मोटर, तिचा दांडा चाकांच्या जुन्याच दांडीला जोडला. मग केसासारख्या वायरी एकेक करून सोल्डर केल्या. तो बॅटरी धरून उभा होता. धूर डोळ्यांत गेला तरी त्यानं तोंड फिरवलं नाही.

दुपारी बस रस्त्यावर ठेवली. रिमोटवर डावा अंगठा वेगाला, उजवा वळायला. बस निघाली. कोपऱ्यावर डावीकडे एक गल्ली होती, तार मात्र सरळ पुढे जात होती. ड्रायव्हरनं उजवा अंगठा डावीकडे दाबला. बसनं जरा नाक वळवलं, लटपटली आणि सरळच गेली.

"बघ!" तो ओरडला. बायको दचकली, इतक्या दिवसांत त्याचा चढलेला आवाज तिनं ऐकला नव्हता. "बघितलंस? मी वळवलं आणि वळली नाही! अस्संच झालं होतं, अगदी अस्संच!"

त्याचे डोळे भरून आले होते. तिला वाटलं, गप्प बसावं. तीन महिन्यांनी माणूस परत आलाय, कशाला उगीच तोंड उघडा? पण तिच्या हाताखालून चुकीचं काम कधी गेलं नव्हतं. तिनं बस उलटी केली.

"चुंबक राहिलाय," ती म्हणाली. "दांडीवरून काढलाच नाही मी. ही तार त्याला ओढतेय. जन्मभर घड्याळांपासून चुंबक लांब ठेवत आले आणि बसमधलाच विसरले! धन्य आहे माझी. चूक माझी, तुमची नाही."

चिमट्यानं चुंबक उपटून तिनं डबीत टाकला. आता बस गल्लीत शिरली, झकास. बाहेर आली, फेरी मारून परत शिरली. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. बायको स्टुलावर बसून बघत होती. पाचव्या फेरीला कोपरा आला आणि बस सरळ गेली, पुढे रस्ता वळतो तिथे फुटपाथवर चढली, पेपर वाचणाऱ्याला आडवं करून काचेवर आपटली.

"परत काहीतरी राहिलंय तुझं," ड्रायव्हर म्हणाला. "मी वळवलं होतं."

तिनं आडव्या पडलेल्या नखाएवढ्या माणसाला उचलून उभं केलं.

"वळवलं होतं ना मी?"

"नाही हो." तिचा आवाज अगदी खाली गेला होता. "मी तुमच्या अंगठ्याकडेच बघत होते. तो हललाच नाही."

ड्रायव्हरनं अंगठ्याकडे पाहिलं. आपण दाबला, ह्याची त्याला शंभर टक्के खात्री होती. देवाशपथ सांगितलं असतं. आणि डेपोत शपथेवर सांगितलंही होतंच. सव्वीस वर्षं त्या कोपऱ्यावर हात आपोआप वळत आले होते. ते वळतातच हे त्यानं इतकं धरून ठेवलं होतं, की त्या दिवशी ते वळले नाहीत हे त्याला कळलंसुद्धा नव्हतं. त्याला भीती वाटली, मग लाज वाटली. त्यानं रिमोट खाली ठेवला.

"अहो, खेळणं आहे ते," बायको घाईघाईनं म्हणाली. "खेळण्यावरून काय ठरतंय?"

"फोन दे."

"उद्या काय ते बोला ना चौकशीत! नोकरी जाईल तुमची, तुरुंगात घालतील."

"फोन दे गं."

पलीकडे पान्यानंच उचलला. ड्रायव्हरनं कसलीही प्रस्तावना केली नाही. "पान्या, मी स्टिअरिंग फिरवलंच नव्हतं. मला वाटलं होतं, फिरवलं. उद्या तसंच सांगणार आहे."

ड्रायव्हर शिव्यांची वाट बघत राहिला.

"म्हणजे बोल्ट राहिला नव्हता?" पान्या म्हणाला. "माझा बोल्ट ढिला राहिला नव्हता? अरे, तीन महिने मी रोज ते स्टिअरिंग मनातल्या मनात खोलतोय आणि बसवतोय. माझ्या बायकोला विचार. कुठला राहिला, कुठला राहिला..." मोठा माणूस हमसून हमसून रडायला लागला. "म्हणजे त्या म्हाताऱ्याला मी नाही मारलं?"

"नाही रे," ड्रायव्हर म्हणाला. "मी मारलं."