अडवून ठेवलेली जागा

प्रत्येक घरात एक तरी माणूस असा असतो, की त्याला जागा पसंत पडेपर्यंत बाकीच्यांनी गाडीतून उतरायचं नसतं. कर्टिस हा त्यातलाच. हेरन तळ्याकाठच्या तंबूतळावर पोचून बराच वेळ झाला होता आणि तो हातात सुताराची पाणसळ घेऊन जमिनीचा उतार मोजत फिरत होता. गाडीत त्याची बायको पाउला होती, पंधरा वर्षांची मुलगी ब्रिन होती आणि मागच्या सीटवर मांडीवरची पर्स घट्ट धरून त्याची आई वायोला बसली होती.

"बाबा, आपण तंबू ठोकायला आलोय की बंगला बांधायला?" ब्रिन खिडकीतून ओरडली.

"रात्री डोकं खाली आणि पाय वर झाले ना, की कळेल तुला," कर्टिसने वाकल्या वाकल्याच उत्तर दिलं.

तंबूसाठी जागा कशी असावी, यावर कर्टिसचा शब्द शेवटचा असे. सडबरीत त्याच्या ऑफिसातले लोक उन्हाळा तोंडावर आला की त्यालाच विचारायला येत. पाणी जवळ हवं, पण डास अंगावर येतील इतकं जवळ नको. सावली हवी, पण डोक्यावर वाळकी फांदी नको. नळ हाकेच्या अंतरावर, संडास तर नाकाच्या टप्प्याबाहेर पण पोरांच्या टप्प्यात. हे सगळं बरोबरच होतं म्हणा. पण त्याची आणखी एक युक्ती होती. ती तो हळू आवाजात सांगे.

जानेवारीत आरक्षण सुरू झालं की भल्या सकाळी कॉम्प्युटरपुढे बसून तो एकाच आठवड्यासाठी तीन जागा अडवायचा. एक पाण्याकाठी, एक पाइनच्या झाडांत आणि एक वर, संडासाजवळच्या चढावर. तिथे गेल्यावर वारा बघून त्यातली एक घ्यायची. उरलेल्या दोन आठवडाभर रिकाम्या पडून राहायच्या. राखणदारांनी त्या दुसऱ्या कुणाला देऊ नयेत म्हणून एकीवर तो भोकं पडलेला जुना तंबू उभा करी आणि दुसरीवर वडिलांच्या वेळची हिरवी घडीची खुर्ची मांडून येई. आपल्या ऑन्टारिओत हे सर्रास चालतं. भाडं भरलंय, मग जागा माझी, असं म्हणणारे प्रत्येक तंबूतळावर भेटतात. आणि खरं बोलायचं तर, मंडळी, तुम्ही-आम्हीही कधी ना कधी हे केलेलं असतं.

या वर्षी मात्र गोष्ट निराळी होती. गेल्या पानगळीपासून वायोलाची स्मरणशक्ती विरत चालली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, त्या कुणाला आधी विसरतील ते सांगता येत नाही, ज्यांना भेटायचं असेल त्यांनी या उन्हाळ्यातच भेटून घ्यावं. वायोलाची इच्छाही तेवढीच होती. दोन्ही मुलं एका शेकोटीपाशी बसलेली तिला एकदा बघायची होती.

धाकटा डॅरल थंडर बेच्या कागद गिरणीत कामाला होता. दिवसभर गाडी हाकावी तेव्हा तो इथे पोचणार. वसंतात त्याचा फोन आला होता. "कर्टिस, सगळं तळं भरलंय रे. तुझ्या जागेत आमचा राहायचा ट्रेलर मावेल?"

"एका जागेवर एकच कुटुंब चालतं. बघतो मी काहीतरी," कर्टिस म्हणाला होता.

आणि त्याने खरंच बघायचं ठरवलं होतं. हवामानाचा अंदाज आला की तिन्हीतली नको असलेली जागा त्याला सोडू, आत्ताच पाण्याकाठची देऊन बसलो आणि नेमकी तीच लागली तर? आज-उद्या करता करता उन्हाळा आला. डॅरलने वाट बघून सुट्टी रद्द केली. डॅरलला जागा मिळाली नाही, असं कर्टिसने घरी सांगितलं आणि ते खोटं आहे हे हळूहळू तो स्वतःही विसरला.

शेवटी पाइनमधली जागा पसंत पडली. चढावर जुना तंबू आणि पाण्याकाठी हिरवी खुर्ची नेहमीसारखी मांडून कर्टिस परत आला. तंबू उभा राहिला, शेकोटीच्या लोखंडी कड्यात जाळ झाला, ब्रिन काठीला सॉसेज टोचून भाजायला लागली. पाउला पाव घ्यायला गाडीकडे वळली आणि थबकली.

"आई कुठे आहेत?"

आई तंबूत नव्हती, नळापाशी नव्हती. पाउला तळ्याकडे धावली. कर्टिस हाका मारत संडासाच्या वाटेने वर पळाला. उन्हाळ्यातला तो लांबलेला उजेड होता म्हणून बरं. थोड्या वेळाने पाण्याकाठच्या झाडीतून ब्रिनची हाक आली. "इकडे आहे आजी!"

पाण्याकाठच्या रिकाम्या जागेवर, विझलेल्या शेकोटीसमोर, वायोला हिरव्या खुर्चीशेजारच्या दगडावर बसली होती.

"आई, अगं इथे काय करतेस? जीव गेला आमचा."

"हळू बोल. डॅरल आलाय."

"कुठे?"

"ही काय त्याची खुर्ची. लहानपणी या खुर्चीवरून तुम्ही दोघं मारामाऱ्या करायचात. लाकडं आणायला गेला असेल. तो पहिल्यापासून ओलीच लाकडं आणतो, जा तू मदतीला."

पाउला धापा टाकत आली होती. तिने खुर्चीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "डॅरलला जागा मिळाली नाही म्हणाला होतास. मग ही जागा काय होती, कर्टिस?"

 अडखळत कर्टिसने फोनचं सगळं सांगितलं.

वायोला ऐकत होती. सकाळी चहा घेतला की नाही हे तिला आठवत नसे, पण हे तिला पुरतं समजलं.

"म्हणजे जागा होती," ती म्हणाली.

"होती. पण वाऱ्याचा काही अंदाज येईना म्हणून..."

"तुझे बाबा जागा कशी निवडायचे, आठवतंय? एकदा तर एवढा उतार होता की पावसात आपण सगळे घसरत दारापाशी आलो. मी बडबड बडबड केली. त्यांचं बघणं एकच. शेकोटीभोवती आणखी एक खुर्ची मावते का? कुणी जागा न मिळता परत निघालेलं दिसलं की हे आपले धावले हाक मारायला. वारा काय, दिवसातून चारदा बदलतो. माणूस एकदा परत गेला की गेला." तिने खुर्चीच्या दांड्यावर हात ठेवला. "तुला वाटलं तू जागा अडवलीस. तू भावाला अडवलंस रे."

"मीच त्याला येऊ दिलं नाही!" कर्टिसच्या तोंडून निघून गेलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला ते खरं वाटलं.

फोनला रेंज मिळते त्या टेकडीवर गाडी नेऊन त्याने डॅरलला सगळं सांगितलं आणि म्हणाला, "उद्या नीघ. जागा आहे."

"आता?" डॅरल म्हणाला. "सुट्टी दुसऱ्याला देऊन टाकली मी. आता हललो तर नोकरी जाईल. आई कशी आहे?"

"तुझी वाट बघतेय."

"हे वसंतात सांगायचं होतंस, दादा." डॅरलने फोन ठेवला. एरवी तो त्याला नावाने हाक मारायचा.

परत येताना कर्टिसने फाटकावर दोन्ही जागा सोडून दिल्या. तिथल्या मुलीने सांगितलं की दुपारपासून चार कुटुंबांना परत पाठवलं, आता ती कुठे गेली कोण जाणे. दुसऱ्या दिवशी पाण्याकाठी दोन लहान मुलांचं एक कुटुंब आलं. "ही डॅरलची मुलं का गं?" वायोलाने विचारलं. ब्रिनने हो म्हटलं. काय करणार?

पुढच्या जानेवारीत कर्टिसने एकच आरक्षण केलं. संडासाजवळची ती चढावरची जागा. चांगलीच उतरती. दोन कुटुंबांना मिळून देतात अशी तेवढी एकच उरली होती. डॅरल आला, बायकोमुलांसह आला. पण मधल्या हिवाळ्याने आपलं काम करून ठेवलं होतं.

कर्टिसने शेकोटीभोवती खुर्च्या मांडल्या. हिरवी खुर्ची आईच्या शेजारी ठेवली. डॅरल तिच्यापुढे वाकला. "आई."

वायोला छान हसली. "या, या. शेजारच्या जागेवर उतरलात का?"

डॅरल तिच्या शेजारी बसायला गेला, तेवढ्यात तिने खुर्चीवर हात आडवा धरला. "राग मानू नका हं, पण इथे नको. ही माझ्या मुलाची जागा आहे. लाकडं आणायला गेलाय, येईलच इतक्यात."

डॅरलने भावाकडे बघितलं. कर्टिसला वर बघवेना. मग डॅरल बर्फाची पेटी ओढून तिच्यावर बसला आणि म्हणाला, "ठेवा, ठेवा. मी इथेच बसतो. तो आला की उठेन."

शेकोटी विझेपर्यंत ती खुर्ची रिकामीच राहिली.

आजही ऑफिसातले लोक कर्टिसला विचारतात, बाबा रे, घरच्यांना न्यायला उत्तम जागा कोणती? तो पाण्याबद्दल सांगतो, सावलीबद्दल सांगतो. आणि मग म्हणतो, जी लागणार नाही ती अडवून ठेवू नका. मंडळी, आपण रिकाम्या ठेवलेल्या प्रत्येक जागेवर कुणीतरी यायचं राहून गेलेलं असतं. सोडायची असेल तर आज सोडा. उद्या तो माणूस येईलही, पण त्याला ओळखणारं कुणी उरलेलं नसेल.