आत्याबाईंचा मेंदू, वयाच्या मानानं

आमच्या आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, मेंदू कंप्युटरनं मोजला. मोजायला माणूस नव्हताच. एमआरआयचे फोटो आत गेले आणि रंगीत कागद बाहेर आला. आठवणीचा भाग केशरी, बाकीचा निळा. कोपऱ्यात आलेख, आणि त्यात आत्याबाई म्हणजे पार तळाला पडलेला एक ठिपका.

"वयाच्या मानानं आठवणीचा भाग फारच आटलाय," स्कॅन सेंटरचे तरुण डॉक्टर म्हणाले. आत्याबाईंकडं त्यांनी एकदाही पाहिलं नाही. पडद्यावर मेंदू एवढा देखणा दिसत असताना खुर्चीतल्या बाईकडं कोण बघतंय!

आमच्या ह्यांना, उदयसिंहांना, तेवढंच हवं होतं. शिवाजी पेठेत आमच्या तीन म्हशी. रोज संध्याकाळी आत्याबाई त्या दूध कट्ट्यावर नेतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ पेला हातात देतात. मध्यंतरी त्या गॅस चालू ठेवून बाहेर पडल्या. झालं! ह्यांनी लगेच म्हशी घेणारा शोधला. कागलच्या एमआयडीसीतून निवृत्त झालेल्या माणसाला शेणाचा वास आधीच सोसत नाही. आता तर साक्षीला कंप्युटर आला.

"आई, मशीन खोटं बोलत न्हाय. म्हशी देऊन टाकायच्या."

माझ्याशी मान ताठ ठेवून भांडणारी बाई त्या कागदापुढं मान खाली घालून बसली. ते काही मला बघवेना.

"डॉक्टर, वयाच्या मानानं म्हणजे कुठल्या वयाच्या?" मी विचारलं.

"पासष्ट. आधार कार्डावर एक जानेवारी एकोणीसशे साठ आहे."

आत्याबाईंनी मान वर केली. "एक जानेवारी तर आमच्या गल्लीतल्या समद्या म्हाताऱ्यांची हाय. आधारच्या कॅम्पातल्या पोरानं घातली की अंदाजानं." मग लेकाकडं वळल्या. "उदू, सदुसष्टला कोयनेचा भूकंप झाला तवा तू पाळण्यात हुतास. म्हंजे सातव्या वर्षी झालास व्हय रं मला?"

पासष्टाची आई आणि अठ्ठावन्नाचा लेक शेजारी शेजारी बसलेले, आणि एवढ्या मोलाच्या मशीनला, डॉक्टरांना, खुद्द लेकाला काही खटकलं नव्हतं!

लेक विसाव्या वर्षी झाला असं धरून डॉक्टरांनी अठ्ठ्याहत्तर वय घातलं. मेंदू तोच, बाई तीच. ठिपका मात्र टुणकन मध्यावर चढला. "हां, मग नॉर्मल," डॉक्टर म्हणाले, जणू आत्याबाईंना त्यांनीच बरं केलं. ह्यांनी बाहेर जाऊन व्यवहार मोडल्याचा फोन केला, तोही हळू आवाजात.

संध्याकाळी कट्ट्यावर आत्याबाई म्हशीखाली बसल्या आणि मागं न बघता मला म्हणाल्या, "अक्का, पेला दे गं."

अक्का त्यांची थोरली बहीण. जाऊन कैक वर्षं झाली.

मी पेला दिला. गॅसकडं यापुढं मीच बघणार, हे मनाशी ठरवलं. म्हशीनं सवयीनं पान्हा सोडला. तिला कुणी आत्याबाईंचं वय सांगितलं नव्हतं.