दक्षिण उतार

मालविका केंब्रिजला दरडींवर संशोधन करायची, पण राहायची बेडफर्डला, दोनातो नावाच्या सत्त्याऐंशी वर्षांच्या इटालियन गृहस्थांच्या वरच्या खोलीत. एकोणिसाव्या वर्षी ते इथल्या वीटभट्टीवर कामाला आले आणि इथलेच झाले. बोलायचे मात्र आपल्या गावाबद्दलच.

गावाचं नाव रोक्काव्हेरा. डोंगराच्या सोंडेवर वसलेलं. वर चुनखडीचा कडा, खाली चिकणमातीचा उतार. तीनशे वर्षांपूर्वी भूकंपात अर्धं गाव दरीत गेलं, तरी उरलेल्यांनी तिथंच पुन्हा घरं बांधली. महायुद्धानंतर तरणी माणसं पोटामागे बाहेर पडली आणि गाव रिकामं होत गेलं. दोनातोंची बायको असुंता वारली तेव्हा तिला तिच्या इच्छेप्रमाणे गावातच, दक्षिण उतारावरच्या दफनभूमीत पुरलं होतं. तिच्या शेजारची जागा त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवली होती.

गेल्या हिवाळ्यात नेमक्या त्याच गावाची उपग्रहाने घेतलेली मोजमापं मालविकाच्या टीमकडे आली. तिने हौसेने स्वयंपाकघराच्या टेबलावर नकाशा पसरला. दोनातो पेन्सिल घेऊन बसले.

"इथं बायका कपडे धुवायच्या. हा झरा माझ्या लहानपणी बुजवला. आणि हा बघ, चर्चच्या मागे."

असे सात झरे निघाले. कुठल्याच कागदावर त्यांची नोंद नव्हती. त्यांच्यामुळेच मालविकाला उलगडा झाला: पाणी मातीखाली साठत होतं आणि सगळा उतार वर्षाला अकरा सेंटिमीटर सरकत होता. अहवाल तिने दोन दिवस नुसता उघडून ठेवला. मग पाठवला. त्या उतारावर चाळीस घरांत माणसं राहत होती.

मे महिन्यात दोनातोंना गावच्या नगरपालिकेचं पत्र आलं. घरं रिकामी होणार होती. दफनभूमी बंद होणार होती. अस्थी खालच्या गावातल्या सामाईक अस्थिगृहात हलवणार होते, आणि परदेशी राहणाऱ्यांना तिथं जागा नव्हती. त्यांनी पत्र दोनदा वाचलं.

"मी झरे दाखवले नसते तर?"

"तरी डोंगर सरकलाच असता," मालविका म्हणाली. "मला कळायला उशीर झाला असता, इतकंच."

"किती उशीर?"

"वर्षभर. कदाचित दोन."

"तेवढ्यात मी गेलो असतो," ते शांतपणे म्हणाले, "आणि तिच्या शेजारी पोचलो असतो."

"सॉरी," ती म्हणाली.

"चाळीस घरं आहेत, मुली. तू बरोबरच केलंस." पण हे म्हणताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. दर रविवारी ते तिला खाली कॉफीला बोलवायचे; त्यानंतर ती हाक आली नाही.

जूनमध्ये त्यांनी असुंताच्या अस्थी हलवायला संमती देणाऱ्या फॉर्मवर सही केली. मग एका सकाळी कोट घालून तिच्या दाराशी आले.

"इथल्या कौन्सिलच्या ऑफिसात जायचंय. येतेस?"

खिडकीपलीकडच्या बाईने नाव-पत्ता लिहून घेतला आणि विचारलं, "कबरीची जागा एकाची हवी की दोघांची?"

दोनातोंनी प्रश्न ऐकला नाही असं वाटून मालविका पुढे वाकली. पण त्यांनी तो ऐकला होता.

"एकाची," ते म्हणाले.