नाबोर भावोजींनी सेट केलेले टॅपेट

आमची वोचो, म्हणजे मागे इंजिन असलेली गोलमटोल जुनी टॅक्सी, सकाळी मी चालवायचे आणि दुपारनंतर नाबोर भावोजी. माझा नवरा रेमुंदो गेल्यावर ही वाटणी आपोआपच झाली, कारण गाडी दोघा भावांची. आमच्या डोंगरावरच्या क्वाऊतेपेक वस्तीच्या उभ्या गल्ल्या चढायला अशी म्हातारी गाडीच लागते.

ईस्टरनंतर ती मिसिंग मारायला लागली. पळताना ठीक, पण उभी केली की इंजिन अडखळायचं. तीन ठोके नीट, चौथा गायब. मागे बसलेल्या बायकांच्या मांडीवरच्या पिशव्या हलायच्या.

"ओतिलिया, तुझ्या गाडीला उचकी लागलीये गं," त्या म्हणायच्या.

मला वेगळीच शंका आली. गाडीची देखभाल भावोजींकडे. टॅपेट सेट केले, म्हणजे व्हॉल्वची फट मोजून बसवली, असं आदल्याच आठवड्यात त्यांनी मला छाती फुगवून सांगितलं होतं. यांनी हात लावला आणि गाडी बिघडली? त्यात आमच्या स्टँडवर तमाल, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे, विकणारी चेंचाबाई एका सकाळी म्हणाली, "क्रिस्पीनची वोचो बघितलीस? परवापर्यंत खोकत होती. आता मांजरीसारखी घुरघुरतेय. नाबोरचा जिगरी दोस्त ना तो?"

"म्हणजे काय म्हणायचंय तुला?"

"मी कुठं काय म्हटलं बाई? तमाल कुठला देऊ, तिखट की गोड?"

आमचा कार्ब्युरेटर क्रिस्पीनच्या गाडीत आणि त्याचं भंगार आमच्यात, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. भावोजी किल्ली द्यायला आले की मी त्यांच्या तोंडाकडे बघायचे. ते नजर चुकवायचे, किल्ली खुंटीला न लावता टेबलावर टाकून निघून जायचे.

रविवारी ते चर्चला गेले तशी मी अंगणात गाडीचं मागचं झाकण उघडलं. कार्ब्युरेटरच्या तुटक्या खटक्याला रेमुंदोने तांब्याची तार गुंडाळली होती. तार जागेवर होती. कार्ब्युरेटर आमचाच.

मला हायसं वाटायला हवं होतं, पण संशय गेला नाही. मग काय बदललं असेल? प्लग? वायरी?

इंजिन चालू ठेवून, जाड रबरी मोजा घालून मी प्लगची एकेक वायर काढून बघितली. पहिली काढली तर इंजिन आणखी लंगडलं. दुसरी, चौथी, तेच. तिसरी काढली, आणि आवाजात काहीच फरक पडला नाही. म्हणजे तिसरा सिलेंडर आधीच झोपलेला. त्याचा प्लग शेजारच्यात घातला, वायरही बदलून पाहिली. तरी झोपलेला तिसराच. इंजिन बंद करून प्लगच्या भोकावर बोट धरलं आणि दुसऱ्या हाताने पट्ट्याची पुली फिरवली. बाकीच्या सिलेंडरांनी बोट ढकलून दिलं, याने नुसती फुंकर मारली. व्हॉल्व नीट मिटत नव्हता.

इंजिन गार होईपर्यंत थांबले, मग गाडीखाली शिरले. टॅपेटचं झाकण एका तारेच्या कडीने दाबून धरलेलं असतं. त्या कडीवर तेल आणि धुळीचा काळा थर होता, कुठेही न तुटलेला. कित्येक महिन्यांत ती कडी कुणी हलवली नव्हती.

झाकण काढलं. टॅपेट हलवून बघितला. केसाएवढी फट असली तरच व्हॉल्व मिटतो, आणि इथे जरासुद्धा ढिलाई नाही.

"काय शोधतेस?" भावोजींचे चर्चचे बूट माझ्या डोक्याशी येऊन थांबले होते.

"तुम्ही सेट केलेले टॅपेट."

बूट मागे सरकले.

"झाकण उघडलंच नाहीत. पिता का हो तुम्ही?"

"जीभ आवर, ओतिलिया!"

मी बाहेर आले आणि फट मोजायची पत्र्याची पट्टी त्यांच्यासमोर धरली. "मग माझ्यासमोर करा."

कोट काढून ते खाली शिरले. पट्टी लोखंडावर वाजायला लागली. टक टक टक टक. दुसऱ्या हाताने त्यांनी मनगट दाबून धरलं, तरी वाजतच राहिली. मग पट्टी खाली पडली.

"कधीपासून?"

"रेमुंदो होता तेव्हा थोडं होतं. आता बारीक काम होत नाही."

"आणि स्टेअरिंग?"

"स्टेअरिंग धरलं की थांबतं." हे त्यांनी फार पटकन सांगितलं.

टॅपेट मी सेट केले. ते शेजारी बसून सांगत होते, "नट आवळताना स्क्रू फिरू देऊ नकोस, पोरी." गाडी सुरू केली तर चारही ठोके पडले.

"मला वाटलं, तुम्ही आपला कार्ब्युरेटर क्रिस्पीनला दिला."

"माझ्या भावाच्या गाडीचा?" ते हसायला गेले, पण त्यांना हसता आलं नाही. मला भयंकर लाज वाटली, तरी मी किल्ली खिशात टाकली.

"म्हणजे गाडी घेणार माझ्याकडून?"

"डॉक्टरांना दाखवेपर्यंत दोन्ही पाळ्या मी करीन."

आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. चेंचाबाईने त्याचीही काहीतरी गोष्ट करून स्टँडभर सांगितलीच असणार. शेवटी ते डॉक्टरकडे गेले, एकटेच. परत आले ते गोळ्या घेऊन. डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हटलंय, असं म्हणाले.

"चला, मीही येते विचारायला," मी म्हटलं. ते खुर्चीतून उठेनात.

"सोमवारी जाऊ," ते म्हणाले.

"आजच," मी म्हटलं आणि गाडी बाहेर काढली. ते पुटपुटत येऊन शेजारच्या सीटवर बसले.