माजघरातला फवारा

हिवतापाच्या फवारणीवर आलेल्या भागोजी मुकादमाने दारावर खडूने फुली मारली, तोच पडद्याआडून एक हात बाहेर आला आणि त्याने ती फुली पुसून टाकली. भागोजी चटकन मागे सरकला. पडद्यातल्या बाईच्या हाताशी हुज्जत घालायची तरी कशी?

"फुली कसली?" आतून रझियाने विचारलं.

"नकाराची. तुमच्या सासूबाई माजघरात येऊ देत नाहीत. अख्ख्या मोहल्ल्याची हीच तऱ्हा. पडव्यांत तेवढं औषध मारलं, आता निघालो पुढच्या गावाला."

"पडवीत मारून हिवताप जातो?"

"कसा जाईल? डास माणसाला चावतो नि जवळच्या भिंतीवर जाऊन बसतो. माणसं झोपतात तिथल्या भिंतीला औषध लागायला हवं."

औषधाची पांढरी पावडर अमेरिकेतून आली होती. पिपावर हातात हात दिल्याचं चित्र होतं. एवढा समुद्र ओलांडून ती पावस गावाच्या पलीकडच्या या खाडीपर्यंत बिनबोभाट पोचली, आणि पडवीतून माजघरात जायचं म्हटल्यावर मात्र अडली. मोहल्ल्यातले पुरुष बोटीवर नाहीतर मुंबईच्या गोदीत. घरांत बायका आणि पोरं. परका पुरुष आत येणार कसा? रझियाची सासू रहिमा, म्हणजे तिची सख्खी फुफू, बापाची बहीण, सकाळीच "नाय" म्हणाली होती. फुफू नाय म्हणाली की मोहल्ला नाय म्हणायचा.

गेल्या वर्षी पाऊस सरता सरता रझियाचा अली याच माजघरात तापाने गेला. थरथरणाऱ्या पोराच्या अंगावर घरातली सगळी पांघरुणं घातली, तरी त्याची थंडी जाईना. आता अलीच्या जागी धाकटी अजरा झोपायची. रझियाला भीती वाटत होती. ताप पुन्हा येणार आणि या खेपेला अजराला नेणार, ही एकच भीती तिला भात वाढताना, पाणी भरताना, नमाज पढतानासुद्धा सोडत नव्हती.

तिने पडद्याच्या फटीतून पाहिलं. पडवीत मुकादमाचा गडी केरू याने पंप बादलीत उभा केला होता आणि त्याची रबरी नळी वेटोळं घालून पडली होती.

"मुकादम, ही नळी आतपर्यंत पोचेल?"

"पोचेल की. का?"

"तुमच्या माणसाने बाहेर पंप मारायचा. टोक मी आत धरते."

भागोजीला आधी हसू आलं, मग घाम फुटला. "असं कधी झालेलं नाही, बाई. साहेबांना काय सांगू?"

"साहेबांचं पोर गेलंय का तापाने?"

केरूने भागोजीकडे पाहिलं, हुकमाची वाटही न बघता पंपावर पाय रोवला आणि नळीचं टोक पडद्याखालून आत सारलं.

"काय चाललंय गो?" फुफू स्वयंपाकघरातून तरातरा आली. "आता माझी सून फवारेवाली होणार? मोहल्ल्यात तोंड कसं दाखवू मी?"

"तोंड दाखवू मागाहून, फुफू. आधी पोर जगू दे."

"मला उलट बोलतेस?"

"बोलते. आज बोलते."

स्वयंपाकघरात भाताच्या टोपावर झाकण आपटून फुफू दारातच पाटावर बसली, पाठ फिरवून.

बाहेर केरूने दांडा दाबला. नळी फुरफुरली आणि पहिला फवारा थेट आढ्यावर जाऊन रझियाच्याच डोक्यावर पडला. अजरा खिदळली.

"लावलंत का भिंतीला?" भागोजी बाहेरून ओरडला.

"माझ्या केसांना लागलं!"

"हातभर लांब धरा! वरून खाली, सावकाश! पाट्या सारवल्यासारखं!"

"पाट्या कोण सारवतं, मुकादम? जमीन सारवतात!"

केरू इतका हसला की पंप थांबला. मग लय सापडली. दांडा खाली, दांडा वर. चिऱ्याच्या भिंतीवर ओले पट्टे शेजारी शेजारी उतरू लागले. कडवट वास घरभर पसरला. रझियाचा हात भरून आला, पण ती थांबली नाही. फिरत फिरत ती खिडकीखालच्या कोपऱ्यात आली. इथं अलीचं अंथरूण असायचं. तिने कोपरा भिजवला आणि पुढे सरकली.

"तिथं अजून मार," पाठीमागून आवाज आला.

फुफू वळून बसली होती. तिचे डोळे भरले होते, आणि ते लपवायच्या भानगडीत ती पडली नाही.

"खालून मार. पोर भिंतीला नाक लावून झोपायचा माझा."

रझियाने कोपरा पुन्हा भिजवला. अगदी खालून, जमिनीपासून.

काम संपवून तिने मागलं दार उघडलं तर आवारात बायकांची ही गर्दी. भिंतीपलीकडची दमयंतीसुद्धा शेणाचा हात तसाच धरून बघत होती.

"रझिये, आमच्याकडे येशील गो?" कुणीतरी चाचरत विचारलं, आणि सगळ्यांच्या नजरा फुफूकडे गेल्या.

फुफूने डोकीवरची ओढणी सारखी केली, उंबरा ओलांडला आणि शेजारच्या दारात जाऊन उभी राहिली.

"बघता काय? मडकी झाका, पोरं बाहेर काढा. माझी सून येतेय."

मग कुणी थांबलंच नाही. बाहेर केरू, आत रझिया, पुढे फुफू. "तो कोपरा राहिला," "वर मार गो, वर," असं तिचं सगळीकडे सुरू झालं. दोन घरांत तर तिने स्वतः टोक धरलं आणि रझियाला बस म्हणाली. दिवस कलला तेव्हा मोहल्ल्यात कोरडी भिंत उरली नव्हती.

भागोजीने जीपमध्ये पिपं चढवली, पण निघायला काही त्याचा पाय उचलेना. शेवटी दाराशी येऊन तो खाकरला.

"आजी, पुढच्या गावातही असाच मोहल्ला आहे. तिथंही आत घेत नाहीत. सूनबाई उद्या आल्या असत्या तर..."

पडद्याआड रझिया दाराशी सरकली.

"परक्या पुरुषांच्या जीपमध्ये एकटी सून धाडायची? वेडा की काय तू, मुकादमा?" फुफू कडाडली.

भागोजीने मान खाली घातली आणि वळला.

"सकाळी लवकर ये," फुफू म्हणाली. "मीपण येतेय."