चतुर्थीची शिवी

चांगुणानं उभ्या संसारात नवऱ्याचं नाव घेतलं नाही. देवळ्याकडची जुन्या वळणाची बाई ती, घेणार तरी कशी? पण हाक तर मारावी लागते. मग तिनं शिवीच त्याचं नाव करून टाकली. "मुडद्या, गिळ आता, गार होतंय!" असं स्वयंपाकघरातून ऐकू आलं की सावळीरामनं समजावं, ताट वाढलंय. आणि त्यानं म्हणावं, "गिळतो की." अंबडच्या कारखान्यात साहेबाचाही चढा शब्द ऐकून न घेणारा हा गडी घरी मात्र ही शिवी रोज आवडीनं खायचा.

शिमगा झाला आणि चांगुणा गेली. तेव्हापासून पाथर्डी फाट्याच्या त्या इमारतीत सावळीराम सगळ्यांचा 'काका' झाला. वॉचमन सलाम करी, लिफ्टमध्ये लोक आधी त्याला जाऊ देत, पुण्याचा मुलगा दीपक रोज फोनवर 'जेवलात का बाबा' विचारी. मान एवढा, की माणूस त्यात गुदमरावा. त्याच्यावर चिडेल इतकं जवळचं मात्र कुणी उरलं नव्हतं.

गणेश चतुर्थी आली. चांगुणाचं वर्ष व्हायचं होतं, म्हणून घरात गणपती बसवला नव्हता आणि दीपकही आला नव्हता. दिवेलागणीला सावळीराम बाल्कनीत वाळलेला पंचा काढायला गेला, आणि समोर पांडवलेण्याच्या डोंगरावर चंद्राची कोर!

तो चरकलाच. चतुर्थीचा चंद्र दिसला की नसता आळ येतो, आणि तो टाळायचा तर कुणाच्या तरी शिव्या खायच्या, हे तो पोरवयापासून ऐकत आला होता. गावी शेजारच्या पत्र्यावर खडा मारला की म्हातारी बाहेर येऊन सात पिढ्या उद्धरायची, काम व्हायचं. शहरात आल्यावर ते काम चांगुणानं घेतलं. "लोकांना कशाला तरास? मी हाय ना," म्हणायची आणि एका दमात वर्षभराचं सगळं बोलून घ्यायची. शेवटी दोघंही हसत सुटायची.

आता कोण देणार? आळाची भीती तर निमित्ताला होती. खरं म्हणजे त्याला शिवीच हवी होती. कुणीतरी हक्कानं खेकसावं म्हणून त्याचा जीव आसुसला होता.

त्यानं तुळशीच्या कुंडीतला खडा घेतला आणि खालच्या बाल्कनीच्या पत्र्यावर टाकला. खालच्या घरातली अपूर्वा बाहेर आली.

"काका, काही पडलं का तुमचं?"

"नाय. मीच मारला."

"बरं बरं. आत जा हं, वारा सुटलाय."

सावळीरामनं दुसरा, चांगला मोठा खडा टाकला. आता तिचा नवरा आल्हाद आला. "काका, काही मदत हवीये का?"

"अरे, शिवी दे ना एखादी!"

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. हाच आल्हाद गाडी आडवी लावणाऱ्याला पार्किंगमध्ये काय काय ऐकवायचा, ते सावळीरामनं कान भरून ऐकलं होतं. पण ते परक्याला. काकांना कसं बोलायचं?

थोड्या वेळानं आल्हाद मोदक घेऊन वर आला. लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश बोलला, गॅस बंद आहे ना ते बघून घेतलं, आणि जिन्यात जाऊन दीपकला फोन लावला. "काकांचं जरा... म्हणजे वय झालंय ना. एकटं ठेवू नकोस." दार उघडंच होतं. सावळीरामला सगळं ऐकू आलं.

आळ आलाच होता. चोरीचा नव्हे, वेडाचा. सावळीरामला हसू फुटलं, आणि ही गंमत सांगायला घरात कुणी नाही हे आठवून लगेच डोळे भरले.

दीपकचा फोन आला. "बाबा, उद्या येतो मी. डॉक्टरांना दाखवून घेऊ."

"दीपक, आज चंद्र दिसला रे."

दीपकला लगेच उमगलं. लहानपणी याच दिवशी आईच्या तोफखान्याला टाळ्या पिटणारा तोच होता. "म्हणून खडे मारलेत?"

"हां. पण कोणी देईना. तू दे एक."

"मी तुम्हाला कसं बोलू, बाबा?"

"तुझ्या आईची दे."

मग दीपक बोलला, आईच्याच झटक्यात.

"मुडद्या, गिळ आता. गार होतंय."

"गिळतो की," सावळीराम सवयीनं म्हणून गेला. तिकडून हुंदका आला आणि फोन बंद झाला.

सावळीरामनं भात गरम केला, ताट वाढून घेतलं, शेजारी मोदक ठेवला. पहिला घास हातातच राहिला. तो स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसला. भात गार झाला, तरी आतून कुणी ओरडलं नाही.