यंत्रबाबांनी मोडलेला बांध

गळीत हंगाम तोंडावर आला होता आणि वालूरकडच्या साखर कारखान्याच्या ऑफिसात नारळ फुटत होते. सर्व्हरला झेंडूचा हार घातलेला. कारखान्याच्या या मोठ्या कॉम्प्युटरच्या डिस्कवरची सिस्टीमची जागा काठोकाठ भरली होती आणि यंत्रबाबा ती मंत्राने वाढवणार, हे बघायला व्हरांड्यात जत्रा लोटली होती.

मशीन चालवणारी मनकर्णा कोपऱ्यात उभी होती. कुणी ऊस कधी लावला, ती सारी नोंद तिनेच भरलेली. ज्याची लावण आधी त्याची तोड आधी, असा नियम. चेअरमन माणिकरावांना तिने घसा कोरडा होईतो सांगितलं होतं.

"साहेब, एकाच डिस्कचे दोन भाग हायेत. सिस्टीमचा लहान पडलाय, नोंदींचा बराच मोकळा हाय. आधी सगळ्याची नक्कल फ्लॉप्यांवर घेऊ, ती दुसऱ्या मशीनवर उघडून बघू. मग दोन्ही भाग नव्यानं पाडून नक्कल परत भरू. एक दिवस लागंल."

"बाबा तासाभरात करायलेत," माणिकराव म्हणाले. "तुझं लय झालं."

तिने हट्टाने नक्कल तेवढी करून ठेवली. बाबांची नजर नेमकी त्या नकलेवरच गेली.

"विद्युतलक्ष्मी आखडली आहे," बाबांनी डोळे फिरवले. "या जुन्या चकत्यांचा भार तिच्या छातीवर आहे. ह्रीं क्लीं डिस्काय नमः. विसर्जन करा."

निर्माल्य पायदळी येऊ नये, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. फ्लॉप्यांवर हळदकुंकू पडलं आणि त्यांचं निर्माल्य झालं. केशरबाईने टोपली डोक्यावर घेतली. तिचा उसाचा एकच पट्टा, पण लावण सगळ्यांच्या आधीची.

मनकर्णाने टोपलीचा काठ धरला. "मावशी, ह्यात तुमची लावण हाय."

"देवाचं काम हाय, बाई. अडवू नगंस."

टोपली दुधना नदीत रिकामी झाली. इकडे बाबा आणि त्यांचा चेला पडद्याआड बसले. पडदा सरला तेव्हा स्क्रीनवरचा जागेचा आकडा खरोखरच फुगला होता. लोक पाया पडले, बाबांची जीप गेली.

मनकर्णाने नोंदी उघडल्या. एकही नव्हती. हाराखाली चेल्याची सिस्टीमची फ्लॉपी राहून गेली होती. ती उचलून तिने सगळ्यांना दाखवली.

"डिस्क तीळभर वाढली न्हाई. त्यांनी दोन भागांमधला बांध मोडला, सगळं पुसलं आन् एकाच मोठ्या भागात ह्या फ्लॉपीवरून नुसती सिस्टीम भरली. वावर मोठं दिसायलंय, कारण शेजारचं पीक नांगरून टाकलंय. पडताळा करायला नक्कल होती, ती आधीच बुडवली."

माणसं नदीकडे धावली. नदीतून काढलेल्या फ्लॉप्यांत गाळ भरला होता, एकही वाचता आली नाही.

"आता ज्यानं त्यानं आपली तारीख सांगावी," माणिकराव म्हणाले. ज्याचा आवाज मोठा, त्याची लावण जुनी ठरली.

केशरबाईची तोड मागेच पडत गेली; तिच्या उसाला तुरा आला, ऊस उभा वाळला. हंगाम संपताना ती मनकर्णाच्या खिडकीशी आली.

"मीच नेली व्हती ना गं टोपली?"

"व्हय, मावशी," मनकर्णा म्हणाली. तिला रडू आलं.

शेजारच्या कारखान्यावर तेव्हा बाबांसाठी मांडव पडत होता. लोकहो, जागा वाढली म्हणून हात जोडण्याआधी ती कुठून आली, एवढं विचारा. आणि नक्कल बुडवा म्हणणाऱ्याची टोपली डोक्यावर घेऊ नका.